कुंझुम ला: नेटवर्क नसलेल्या खिंडीत फोन किती कामाचा?

मागच्या जुलैत आम्ही चौघं फोर बाय फोर गाडीने मनालीहून काझाला निघालो. वाट अटल बोगदा, कोकसर, ग्राम्फू, बातल आणि मग कुंझुम ला अशी. ('ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'कुंझुम ला खिंड' म्हणायची गरज नाही!) उंची सुमारे ४५५० मीटर.

ऑफलाइन मॅप आदल्या रात्रीच डाउनलोड केला होता. कोकसर सुटलं आणि नेटवर्क गेलं, तरी निळा ठिपका बरोबर सरकत होता. कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन थेट सॅटेलाइटचे सिग्नल पकडतो. फक्त लोकेशन आधीपासून चालू ठेवा, नाहीतर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागू शकतो. आणि फ्लाइट मोड लावा. टॉवर शोधण्यातच फोनची बॅटरी संपते, थंडीत तर आणखी लवकर.

आमची चूक वेगळीच होती. मॅपने दाखवलेल्या वेळेवर विश्वास ठेवून आम्ही दहा वाजता निघालो. रस्ता कसला, नदीकाठचे गोटेच ते. छत्रूच्या पुढे नाल्याशी पोहोचेपर्यंत तीन वाजले. उन्हाने बर्फ वितळतं, म्हणून या नाल्यांना दुपारनंतर पाणी चढतं. हे मॅपला कुठून कळणार? समोरून आलेला ट्रकवाला म्हणाला, "भैया, सुबह आना." मित्र म्हणाला, "फोर-लो आहे ना, टाक की!" मी काठी घालून बघितलं, मांडीपर्यंत पाणी. गाडी वळवली.

रात्र छत्रूच्या ढाब्यावर काढली. सकाळी सहाला त्याच नाल्यात पाणी गुडघ्याच्या खाली होतं. फोर-लो, पहिला गिअर, क्लचला पाय न लावता एका दमात पार. वर विरळ हवेत इंजिनाचा दम जातो (टर्बो नसलेल्या गाडीचा जास्तच), तिथेही फोर-लोच कामी आलं.

सॅटेलाइट फोन न्यावा का, असं बरेच जण विचारतात. भारतात सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, त्या फंदात पडू नका. त्यापेक्षा कोकसरच्या आधी घरी एक मेसेज टाका: "उद्या रात्रीपर्यंत फोन लागणार नाही, परवा सकाळीही नाही लागला तरच काळजी कर." मी तो टाकला नव्हता. काझात रेंज आली तेव्हा आईचे तेवीस मिस्ड कॉल होते.