पडद्यावरचं ॲव्हरेज आणि वहीतलं ॲव्हरेज



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त घरातलंच आहे. ज्या दोघांचा हा विषय आहे त्यांना विचारूनच लिहितोय. नावं घालायची नाहीत या अटीवर परवानगी मिळाली आहे, तेव्हा नातेवाईकांनी फोन करून "कोण रे तो?" असं विचारू नये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच!

माझा एक पुतण्या इंदापूर तालुक्यात पेरू-डाळिंबाचा व्यापार करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून नवी डिझेल पिकअप घेतली. रात्री क्रेट भरायचे, भिगवण, पाटस, यवत करत पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात पोचायचं, दुपारी परत. ड्रायव्हर म्हणजे बारामतीच्या शाळेतला माझा जुना विद्यार्थी. सनावळ्यांच्या नावाने बोंब होती, पण पोरगा सरळ.

एके दिवशी पुतण्याचा फोन आला. "तात्या, तुमचा विद्यार्थी डिझेल काढतोय."

त्याचा हिशेब असा. गाडीच्या पडद्यावर ॲव्हरेज दिसतं १४.५. महिन्याला गाडी ४,००० किलोमीटर पळते, म्हणजे डिझेल लागायला हवं २७६ लिटर. पंपाच्या पावत्या मात्र २९२ लिटरच्या. मग १६ लिटर गेलं कुठे? नव्वदच्या आसपास भाव धरला तर साडेचौदाशे रुपये होतात. याने पगारातून सरळ दीड हजार कापले. दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर माझ्या ओसरीवर येऊन बसला. कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, पैशाचं काही नाही. पण यार्डात सगळ्यांना कळलंय."

मी इतिहास-मराठीचा मास्तर. इंजिनातलं मला काय कळणार? पण दोन साक्षी एकमेकींशी जुळत नसल्या की दोन्ही तपासायच्या, एवढं आयुष्यभर शिकवत आलो. इथे एक साक्ष पावत्यांची होती आणि दुसरी पडद्याची. पुतण्याने दुसरी कधी तपासलीच नव्हती. आकडा काचेमागे उजळून दिसतो, म्हणजे तो खराच असणार!

गंमत बघा, शाळेत मी 'सरासरी' म्हणायचो. रस्त्यावर कुणी म्हणत नाही. तिथे 'ॲव्हरेज', आणि त्याचा अर्थ एकच. गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "ॲव्हरेज काय देते?" हा प्रश्न आपल्याकडे १९७३ च्या तेलसंकटानंतर खरा धारदार झाला असावा. अरब देशांनी तेल अडवलं, जगात कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला आणि त्याची झळ थेट आमच्या स्कूटरपर्यंत आली. तेल वाचवा असं सांगायला १९७८ साली सरकारने एक स्वतंत्र संस्थाच काढली, पीसीआरए.

त्या काळी ॲव्हरेज काढायची पद्धत ठरलेली होती. स्कूटर रिझर्व्हला लागली की किलोमीटर लिहायचे, मोजून ५ लिटर टाकायचं, पुन्हा रिझर्व्ह लागला की पुन्हा लिहायचे. वजाबाकी, भागाकार, झालं. माझ्या जुन्या डायऱ्यांत लग्नकार्यांच्या खर्चाशेजारी हे आकडे आहेत. ट्रकमालकांची तऱ्हा वेगळी. आमच्या भागातले जुने मालक एका खेपेचं डिझेल आधीच ठरवून द्यायचे. त्यातून वाचलं तर ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्याच खिशातून. टाकीत काठी बुडवून ओल कुठवर आली तेही बघायचे. पद्धत ओबडधोबड खरी, पण दोघांच्या डोळ्यांदेखत चालायची.

याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ज्यांच्या नावाने ते वसलं त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून तिचे डॉज ट्रक रस्त्यावर येऊ लागले. पुढे बजाज टेम्पोची तीनचाकी आली आणि 'टेम्पो' हा शब्द मराठीच होऊन बसला. १९८८ मध्ये टाटांची पिकअप आली, २००५ मध्ये छोटा हत्ती. यातल्या जुन्या गाड्यांत ॲव्हरेज दाखवणारा पडदा नव्हताच. डिझेलचा पंप यांत्रिक, त्यातून किती थेंब गेले हे सांगायला गाडीत कुणी कारकून नव्हता. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे हिशेब करणारा संगणक मिळत होता. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले, मालवाहू गाड्यांचं इंजिनही संगणकाच्या ताब्यात गेलं आणि कारकून आपोआप आला.

हा कारकून काम कसं करतो ते मी एका ओळखीच्या मेकॅनिककडून समजावून घेतलं. पडद्यामागे डिझेल मोजणारं माप नसतं, हे ऐकून मला धक्काच बसला. संगणक इंजेक्टरला सांगतो, इतका वेळ उघड. दाब किती आहे ते त्याला ठाऊक असतं. त्यावरून किती डिझेल गेलं असावं याचा तो हिशेब मांडतो. 'असावं' हा शब्द महत्त्वाचा. इंजेक्टर झिजला, डिझेल गरम होऊन फुगलं की हिशेब थोडा सरकतो. अंतरही तसंच, चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेलं.

फेऱ्यांवरून अंतर काढायची युक्ती तर दोन हजार वर्षांची आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने एका गाडीचं वर्णन केलं आहे. चाक चार फुटांचं, त्याच्या ४०० फेऱ्या झाल्या की एक मैल, आणि दर मैलाला एक खडा डब्यात पडणार. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजायचे. पण चाक झिजून लहान झालं तर? तेवढ्याच वाटेला फेऱ्या जास्त, खडे जास्त! आमच्या पिकअपचे टायर दोन वर्षं पळून गुळगुळीत व्हायला आले होते. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही, नंतर आली.

मग आम्ही मोजायचं ठरवलं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मेकॅनिकने बजावलं होतं. डिझेलला फेस येतो, नोझल कधी आधी बंद पडतं कधी नंतर, एखाद-दोन लिटरचा फरक सहज पडतो. म्हणून सलग पाच टाक्या, एकच पंप, एकच नोझल. आधी पंपावरचं ५ लिटरचं माप मागितलं. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो आणि ५ लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त चूक चालत नाही. पंपावरच्या मुलाने कुरकुर न करता भरून दाखवलं. माप बरोबर होतं.

पाच टाक्यांना मिळून १,५०७ किलोमीटर, ११० लिटर. म्हणजे १३.७. पडदा त्या सगळ्या दिवसांत १४.५ वरून हलला नाही.

पुतण्या म्हणाला, "तात्या, याही वेळी काढलं असेल तर?" शंका रास्त होती. मी म्हटलं, मग तू चालव. दोन टाक्या त्याने स्वतः गाडी चालवली. पडदा म्हणाला १४.१, वही म्हणाली १३.३. फरक तोच, सहा टक्क्यांच्या आसपास. वर हेही दिसलं, की मालकापेक्षा ड्रायव्हरचा पाय हलका आहे. (हे वाक्य छापू नका असं पुतण्याचं म्हणणं होतं. छापलं.)

सहा टक्के म्हणजे काही जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या एएए या मोठ्या संघटनेने २०२२ साली मोटारी प्रयोगशाळेत चालवून हेच तपासलं. पडदे सरासरी २.३ टक्के वाढवून सांगत होते. एका गाडीचा ६ टक्क्यांहून जास्त, तर काहींचा उलट कमीच. युरोपात २०२१ पासून नव्या मोटारींना खपाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, तिलासुद्धा ५ टक्क्यांपर्यंत चूक माफ आहे.

आमच्या भागात मापावरून भांडणं नवी नाहीत. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की शेतकऱ्याची मान आकड्याकडे वळते. काटा मारला असा संशय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, त्यावर आंदोलनं झाली आहेत. पण तिथे संशय असतो तो मापावर. इथे मापावर कुणी संशय घेतलाच नाही, थेट माणसावर घेतला. पंपाला शिक्का, काट्याला शिक्का. पडद्यावरच्या ॲव्हरेजला कुठल्या खात्याचा शिक्का असतो? तरी पगार कापला गेला तो त्याच्याच भरवशावर, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. आणि खरं सांगायचं तर फोन आला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं होतं, पोरगा बिघडला की काय.

असो. टायरचं सांगायचं राहिलं. शेवटच्या फेरीला मी शेजारच्या सीटवर बसून महामार्गावरचे किलोमीटरचे दगड वहीत टिपत गेलो. दगडांचे ५० झाले तेव्हा गाडीने ५०.८ दाखवले. म्हणजे आमचं वहीतलं १३.७ सुद्धा फुगलेलंच, खरं ॲव्हरेज साडेतेराच्या घरात. मी हे सांगितल्यावर पुतण्याने कपाळाला हात लावला. ड्रायव्हर मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

दीड हजार पुढच्या पगारात परत आले. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. यार्डात काय सांगितलं ते मी विचारलं नाही. वही आता गाडीतच असते, पानावर दोघांच्या सह्या. दिवाळीच्या आत टायर बदलायचे ठरले आहेत. त्यानंतर पुन्हा पाच टाक्या मोजू, तेव्हाचे आकडे इथे देईनच.