मळवलीचा छापखाना आणि मित्राचा बिझनेस प्लॅन

लोहगडला जायचं तर लोकलने मळवलीला उतरायचं, चहा मारायचा आणि चालू लागायचं. कॉलेजपासून मी हेच करत आलोय. याच मळवलीत एकेकाळी राजा रविवर्मांचा छापखाना होता, हे मात्र मला फार उशिरा कळलं. तेही एका एक्सेल शीटपायी.

झालं असं, की माझा एक मित्र नोकरी सोडून ग्राफिक डिझाईनची फर्म काढतोय. घराचा हप्ता चालू, मुलगी दीड वर्षाची. बिझनेस प्लॅनमधले आकडे तपासायला त्याने मला बसवलं. (इंजिनियर म्हणजे हिशेबात पक्का, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो!) पहिली चार पानं कामाच्या दर्जाबद्दल. पैसे कुठून येणार, याला अर्धं पान. आपल्याकडे असला धंदा आधी कोणी केला, ते शोधता शोधता मी रविवर्मांपाशी पोचलो.

१८९४ साली त्यांनी मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढे त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर जाऊन बसल्या. आजच्या भाषेत, प्रॉडक्ट हिट!

तरी छापखाना कर्जात गेला. लिथोग्राफीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. प्रत्येक दगडावर हाताने काम, मग प्रुफं. म्हणजे पहिली प्रत हातात येईपर्यंतच बराचसा खर्च होऊन गेलेला. पुढच्या प्रती स्वस्त पडतात खऱ्या, पण त्या विकल्या जाईपर्यंत पैसा अडकलेला. त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. छापखाना शहराबाहेर, शेवटी मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला.

श्लायशरने देवादिकांची चित्रं छापणं सोडलं नाही. पण जोडीला लेबलं, कॅलेंडरं, जाहिरातीची कामं घेतली. अशा कामात गिऱ्हाईक आधी ठरलेलं असतं, छपाई नंतर. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, छापखाना मात्र त्यानंतर कित्येक वर्षं चालला. १९७२ च्या आगीत तो जळाला.

हे सगळं ऐकवून मी मित्राला विचारलं, "तुझ्या लक्ष्मी-सरस्वती कळल्या रे. लेबलं-कॅलेंडरं कुठली?"

तो आधी चिडला. मेनूकार्डं आणि सोसायटीच्या डायऱ्या करायला नोकरी सोडतोय का मी, म्हणाला. त्याचंही खरंच आहे. पण दोन दिवसांनी नवीन शीट आली. त्यात दर महिन्याला ठरलेले पैसे देणारी तीन गिऱ्हाइकं होती. तिन्ही मिळून घराचा हप्ता जेमतेम भागतो.

राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. चौथं गिऱ्हाईक मिळालं की पाठवणार म्हणतो. बघू.