पोटरीतल्या गुठळीचा माग

वैद्यकाचा इतिहास म्हटला की विजयांच्या कथा आठवतात. मला मात्र त्याच्या चाचपडण्याची गोडी अधिक. पायाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी शोधण्याची कथा त्यांतलीच.

ही गुठळी जागीच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते. हा घातकी प्रवास जर्मनीच्या रूडोल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उलगडला. पण जिवंत माणसाच्या पायातली गुठळी ओळखावी कशी? बोस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांनी १९४० नंतरच्या दशकात एक खूण सांगितली: पाऊल वर वाकवताच पोटरीत कळ येणे. खूण सोपी, पण लबाड! गुठळी असून कळ नसे आणि कळ असून गुठळी नसे.

त्याआधीच, १९३८ साली, पोर्तुगालच्या सिद दुस सांतुस यांनी शिरेत औषध टोचून क्ष-किरणांनी तिचे चित्र घेण्याची रीत मांडली होती. औषध जिथे भरत नाही तिथे गुठळी. पुढे कित्येक वर्षे हीच कसोटी मानली गेली. मात्र टोचणे दुखे, आणि क्वचित त्या औषधानेच नवी गुठळी धरे!

१९८० नंतर सोनोग्राफी आली. तिची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातही शोभावी इतकी साधी. यंत्राचा दांडा वरून दाबला की निरोगी शीर चपटी होते. गुठळीने भरलेली होत नाही. १९८९ साली लेन्सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२० रुग्णांवर ही युक्ती क्ष-किरणचित्राशी ताडून पाहिली. मांडीच्या व गुडघ्यामागच्या शिरांत गुठळी असलेले ६६ जण होते, सगळे सापडले. गुठळी नसलेल्या १४३ जणांपैकी एकाच्याच बाबतीत चुकीचा इशारा मिळाला. पण फक्त पोटरीत गुठळी असलेल्या ११ जणांपैकी सापडले अवघे ४.

मला या इतिहासाचे सार या ४ आणि ११ या आकड्यांत दिसते. ‘दिसली नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर आहे. पोटरीतली गुठळी काही वेळा वर सरकते. म्हणूनच आज डॉक्टर लक्षणे पाहतात, रक्ताची डी-डायमर चाचणी करतात आणि शंका उरल्यास आठवड्याभराने पुन्हा सोनोग्राफी सांगतात. तो दुसरा फेरा पुष्कळांना फुकटचा खर्च वाटतो. तसा तो नसतो.

तेव्हा वाचकहो, घरात कोणाचा एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर अभ्यंगाचे तेल चोळत बसू नका, डॉक्टर गाठा. छातीत कळ किंवा धाप असेल, तर फराळ तसाच टाकून तडक रुग्णालयात निघा.