दहावीनंतरचा दुसरा रस्ता

दहावीचा निकाल लागला की पालकांचे दोनच प्रश्न असतात. टक्के चांगले असतील तर "सायन्स मिळेल ना?" आणि कमी असतील तर "आता आयटीआयच का?" या दुसऱ्या प्रश्नातला 'च' मला नेहमी खटकतो. पण तो आजच्या पालकांनी शोधून काढलेला नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि मुलाचा अर्ज भरण्याआधी तो माहीत असलेला बरा.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या पहिल्याच तुकडीतले. मॅट्रिक ही मुळात कॉलेजात शिरण्याची परीक्षा. शाळा संपवणारा प्रत्येक मुलगा कॉलेजात जाईल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण 'मॅट्रिक पास' या दोन शब्दांना कचेऱ्यांमध्ये वजन आलं, आणि हळूहळू सगळी शाळाच त्या एका परीक्षेभोवती फिरू लागली.

हे सर्वांत आधी ज्यांनी ओळखलं त्यांत जोतीराव फुले होते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं की, हायस्कुलातलं शिक्षण रोजच्या जगण्याच्या कामाचं नाही, त्यातून फक्त कारकून आणि शाळामास्तर तयार होतात, आणि शिक्षक-विद्यार्थी दोघेही मॅट्रिकमध्येच गुंतून पडले आहेत. प्राथमिक शाळेत हिशेबासोबत शेतीचं प्राथमिक ज्ञानही द्यावं, अशी त्यांची मागणी होती.

हंटर आयोगानेही हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचवल्या. एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी. म्हणजे आज आपण ज्याला 'दहावीनंतरचे पर्याय' म्हणतो, त्याची कल्पना 1882-83 इतकी जुनी आहे. काही प्रांतांत वेगळ्या परीक्षा सुरूही झाल्या, पण बहुतेक मुलं मॅट्रिककडेच वळली. कॉलेजचं दार त्याच परीक्षेनं उघडत होतं. दुसऱ्या शाखेत गेलेल्याला उद्या पुढे शिकावंसं वाटलं तर परतीची वाट नव्हती.

त्याच काळात एक प्रयोग मात्र टिकला. 1887 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, सुरू झालं. इथे शिकलेल्याची वाट बाहेर गिरण्या पाहत होत्या. शिक्षण, काम आणि मान हे तिन्ही एका ठिकाणी आले, म्हणून मुलं गेली. बद्रुद्दीन तैयबजींच्या पुढाकाराने 1874 मध्ये उभी राहिलेली अंजुमन-ए-इस्लामही शाळेवर थांबली नाही. पुढे साबू सिद्दीक पॉलिटेक्निकसारखी संस्था तिच्या छत्राखाली भायखळ्यात चालू लागली.

1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथल्या विचारांना अभ्यासक्रमाचं रूप देण्याची जबाबदारी जामिया मिल्लियाच्या डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आली. पुढे ते राष्ट्रपती झाले. 7 ते 14 वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने शिकवायचं, ही ती नई तालीम. पण सुशिक्षित घरांनी तिच्याकडे 'गरिबांच्या मुलांची शाळा' म्हणूनच पाहिलं. पुढे हायस्कुलात गेल्यावर तर गाठ मॅट्रिकशीच होती.

स्वातंत्र्यानंतर योजनांची कमतरता नव्हती. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातूनच आयटीआय वाढल्या. मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना मुदलियार आयोगाने (1952-53) बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. मग कोठारी आयोग (1964-66). त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. दहावीनंतरच्या मुलांपैकी निम्मी व्यवसाय शिक्षणाकडे जावीत, असं या आयोगाचं म्हणणं होतं. 10+2+3 च्या आराखड्यात दहावी हा थांबून विचार करण्याचा टप्पा होता.

महाराष्ट्रात 1975 मध्ये अकरावीची जुनी एसएससी जाऊन दहावीची नवी आली. ज्युनिअर कॉलेजं निघाली आणि विचार करण्याचा टप्पा बाजूलाच राहिला. सगळे अकरावीच्या रांगेत उभे राहिले. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने व्यवसाय शिक्षणाचं लक्ष्य खाली आणून 1990 पर्यंत 10 टक्के आणि 1995 पर्यंत 25 टक्के ठरवलं. तेही गाठता आलं नाही.

इतके आयोग होऊनही असं का झालं? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, दुसरा रस्ता नेहमी पहिल्यावरून घसरलेल्यांसाठी ठेवला गेला. हाताच्या कामाला आपल्याकडे जातीने आणि नंतर टक्क्यांनी कमी लेखलं. दुसरं कारण, तो रस्ता पुढे बंद होता.

यातलं दुसरं कारण आता बरंच दूर झालं आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. म्हणजे दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतलेला मुलगा इंजिनिअर होऊ शकतो, आणि वाटेत कुठेही थांबला तरी त्याच्या हातात काम असतं. हंटर आयोगाच्या काळात हे शक्य नव्हतं.

पहिलं कारण मात्र आपल्याच घरात बसलं आहे. आपल्या समाजात उस्ताद-शागिर्दाची परंपरा जुनी. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग असोत की गावातलं गॅरेज, मुलं पाहून पाहून उत्तम काम शिकतात. पण वीस वर्षांनंतरही त्यांच्याकडे कागद नसतो. कागद नाही म्हणून कारखान्यात कायम नोकरी नाही, रेल्वेत अर्ज नाही, बाहेरदेशी गेलं तर पगार मजुराचा. मुलींचं तर त्याहून अवघड. दहावीनंतर जवळ काय आहे, एवढंच पाहून त्यांचं ठरतं किंवा संपतं.

म्हणून यंदा अर्ज भरताना टक्क्यांच्या आधी तीन गोष्टी विचारा. मुलाला किंवा मुलीला काय करायला आवडतं? शिकून झाल्यावर काम कुठे मिळेल? आणि तिथून पुढे शिकायचं झालं तर कोणतं दार उघडं आहे? याची उत्तरं मिळाली, तर 85 टक्केवाल्या मुलानेही पॉलिटेक्निक निवडावं आणि 50 टक्केवाल्या मुलीनेही कला शाखेत जाऊन पुढे शिक्षिका व्हावं. त्यात कोणाची हार नाही.