कऱ्हाडची ब्राह्मी आणि जपानची 'काना'

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडलगतची आगाशिव-जखिणवाडीची लेणी सातारा-सांगलीकडील उपासकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाकट. या नगराच्या निगमाने भरहुत स्तूपाला दान दिल्याचा लेख आहे. आणि कोकणात कुडा येथील एका लेण्याचा दाता करहाकडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. लोखंड विकणाऱ्याचे नाव शिळेवर यावे, हे त्या लिपीच्या लोकाभिमुखतेचे गमक आम्ही मानतो. तिची वर्णमाला पुढे धम्मग्रंथांबरोबर जपानला पोहोचली.

जपानला स्वतःची लिपी नव्हती. चिनी अक्षरे आली, पण दोन्ही भाषांची घडण भिन्न. म्हणून अर्थ बाजूला ठेवून केवळ ध्वनीसाठी ती योजण्यात येऊ लागली. नवव्या शतकात सूत्रपाठ करणारे भिक्षू ओळींमधल्या अरुंद जागेत उच्चार टिपताना अक्षराचा एखादाच तुकडा लिहीत. त्यातून 'काताकाना' आली. भरभर लिहिताना गोलावलेल्या अक्षरांची 'हिरागाना' झाली. प्रतिष्ठित पुरुष चिनीत लिहीत, तेव्हा राजवाड्यातील स्त्रियांनी ती आपलीशी केली. अकराव्या शतकाच्या आरंभीची मुरासाकी शिकिबूची 'गेंजी' कथा तीतलीच. (आपल्या काना-मात्रेशी या 'काना'चा संबंध नाही.)

अक्षरांचा आकार असा चिनी आहे. काना ब्राह्मीतून निघाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. ऋण आहे ते क्रमाचे. भिक्षू कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले, तेथे प्रज्ञ या भारतीय भिक्षूकडे शिकले व ८०६ मध्ये परतले. ब्राह्मीच्याच कुळातील 'सिद्धम्' लिपीचे अध्ययन जपानी विहारांत रुजले. नाशिकच्या शिलालेखांच्या आरंभीचे 'सिधं' आणि आपल्या 'ओनामासिधं'मधील 'सिधं', तोच हा शब्द.

या अध्ययनातून कानाची 'पन्नास ध्वनीं'ची सारणी सिद्ध झाली. तिचे स्वर अ, इ, उ, ए, ओ. कच्चायनाच्या आठ पाली स्वरांतून आ, ई, ऊ हे तीन दीर्घ वगळले की नेमके हेच उरतात. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. येथे 'च' वर्गाच्या जागी 'स' आहे. पण ओष्ठ्य 'म'च्या अगोदर 'ह' कसा? प्राचीन जपानीत तेथे 'प' होता! उच्चार पालटला, जागा तीच राहिली.

सामान्य मुले मात्र शतकानुशतके 'इरोहा' या कवितेवरून अक्षरे शिकली. तीत ४७ अक्षरे एकेकदाच येतात, आणि आशय महापरिनिब्बान सुत्तात सक्काच्या तोंडी असलेल्या अनित्यतेच्या गाथेशी जुळतो. परंपरा ती कूकाईंची मानते. उपलब्ध नोंद १०७९ ची असल्याने अभ्यासकांना हे मान्य नाही.

एकेका ध्वनीची अनेक रूपे चालत. १९०० च्या ऑगस्टमध्ये जपान सरकारने प्राथमिक शाळांसाठी प्रत्येक ध्वनीला हिरागानाचे एकच रूप ठरविले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले.