हातभर तातीतून जन्मलेली गाठ

इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तिकेत घोड्याच्या शेपटीचे केस जोडायला ‘वॉटर नॉट’ ही गाठ सांगितली आहे. पुढे केसांऐवजी रेशीमकिड्याची तात आली. स्पेनमधलं मुर्सिया हे तिचं मोठं केंद्र. कोश विणायच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये भिजवायचा, त्याच्या पोटातल्या रेशीमग्रंथी काढायच्या आणि ताणून वाळवायच्या. त्यातून निघे चिवट, पाण्यात सहज न दिसणारी तात. पण जेमतेम हातभर! गळाजवळची नऊ फुटांची दोरी करायला सात-आठ तुकडे जोडावे लागत. मोठा सामन मासा गळाला लागला की यातला एक सांधा जरी सुटला तरी सगळं गेलं. चांगल्या गाठीची निकड होती ती इथे.

‘ब्लड नॉट’ या गाठीने ती भागवली. ए. एच. चेटर यांच्या १९१०च्या ‘लेटर्स टू अ सामन फिशर्स सन्स’ या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोचली. जॉक पर्विस नावाच्या जहाजावरच्या इंजिनिअरने ती त्यांना शिकवली, असं सांगतात. दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवायची, प्रत्येकाने दुसऱ्याभोवती वेढे घ्यायचे, मग दोन्ही टोकं मधल्या एकाच फटीतून उलटसुलट बाहेर काढायची. ओढ बसली की ताण वेढ्यावेढ्यात जिरत जातो. जिथे पूर्ण ताण असतो तिथे दोरी काटकोनात मुडपत नाही. मला या गाठीचं सगळं सौंदर्य त्या वेढ्यांत दिसतं.

१९३८ साली ड्युपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि वर्षभरात त्याची मासेमारीची दोरी निघाली. हवी तेवढी लांब, अखंड. लांबीसाठी तुकडे जोडायची गरज उरली नाही. तरीही ब्लड नॉटचा अर्धा भाग गळ बांधायला टिकला. नायलॉन मात्र गुळगुळीत, टोक सरकायचं; म्हणून मासेमार ते शेवटच्या फासात आणखी एकदा ओवू लागले.

आपल्याकडे गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, हातात असतो तो तंगूस बहुधा हेच नायलॉन. तो गळाच्या नेढ्यातून ओवा, पाचेक वेढे द्या, टोक नेढ्यालगतच्या फासातून काढून वर झालेल्या मोठ्या फासातही ओवा. आवळण्याआधी थुंकीने ओला करा. कोरडा ओढला तर घर्षणाने तापतो आणि तिथेच कमजोर होतो. तंगूस जाड असेल तर वेढे कमी द्या, नाहीतर ते नीट बसत नाहीत.