घाणेरी आणि बॉनेट माकड

घाणेरी किंवा टणटणी (लँटाना कमारा, कुल व्हर्बेनेसी) हे मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील काटेरी झुडूप, तर बॉनेट माकड (मकाका रेडिएटा) हा केवळ दक्षिण व पश्चिम भारतात आढळणारा प्राणी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दोन्ही सहज दिसतात, म्हणून दोन्ही सारखीच सुस्थितीत आहेत असा समज होणे स्वाभाविक असले, तरी तो चुकीचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणलेली घाणेरी आज देशभर माजली आहे. तिची पाने खाल्ल्यास गुरांच्या यकृताला इजा होते, त्यामुळे चराईचा तिला धाक नसतो. वरून छाटली तरी ती बुंध्यातून पुन्हा फुटते आणि दाट जाळीखाली इतर झाडांची रोपे वाढू देत नाही. तिची फुले उमलताना बहुधा पिवळी असतात व परागणानंतर, म्हणजे परागकण स्त्रीकेसरावर पोचल्यावर, गुलाबी वा तांबडी होतात. मधाच्या शोधातील फुलपाखरे पिवळ्या फुलांकडेच अधिक वळतात. पिकलेली काळी फळे बुलबुलांप्रमाणे माकडेही खातात आणि विष्ठेवाटे बिया दूरवर नेतात, हा या दोघांतला खरा दुवा होय.

बॉनेट माकडाच्या टाळूवरील केस भोवऱ्यासारखे चहूकडे वळून टोपीचा आभास देतात. काळ्या तोंडाच्या वानरापासून ते वेगळे ओळखू येतेच, पण आखूड शेपटीच्या ऱ्हीसस माकडापासूनही लांब शेपटीमुळे वेगळे कळते. मादीला साडेपाच महिन्यांच्या गर्भधारणेनंतर बहुधा एकच पिल्लू होते. बियांच्या राशी टाकणाऱ्या झुडपाच्या वेगाने झालेली हानी भरून काढणे या प्राण्याला शक्य नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने 2020 मध्ये त्याला ‘असुरक्षित’ गटात, म्हणजे धोक्याच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवर, ठेवले. त्याआधी त्याची फारशी चिंता केली जात नव्हती. रस्तारुंदीकरणात तोडली जाणारी वड-पिंपळांची झाडे, उपद्रवी म्हणून टोळ्या पकडून अन्यत्र सोडणे आणि उत्तरेकडून दक्षिणेस सरकणाऱ्या ऱ्हीससशी स्पर्धा ही ऱ्हासाची प्रमुख कारणे आहेत. याच उद्यानातील कान्हेरी लेण्यांपाशी पर्यटकांच्या पिशव्या हिसकावणाऱ्या टोळीकडे पाहून हे पटणे कठीण जाते. परंतु माणसाच्या अन्नाला सरावलेली माकडेच पुढे तक्रारींचा विषय होतात आणि पिंजऱ्यात जातात.